पिकअप खरेदी : शोरूमच्या किमतीपलीकडचा हिशेब

शेतातला भाजीपाला, द्राक्षांच्या पेट्या, दुधाचे कॅन, सिमेंटची पोती किंवा किराणा मालाची खोकी, यांची जवळच्या आणि मध्यम अंतरावरील वाहतूक आज महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पिकअप वाहनांतून होते. मोठा ट्रक परवडत नाही आणि तीनचाकी टेम्पो पुरत नाही, अशा शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला किंवा वाहतुकीच्या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणाला ही गाडी सोयीची वाटते. बहुतेकांच्या आयुष्यातील ही घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी असते आणि ती प्रायः कर्जावर होते. असे असूनही खरेदीच्या वेळी चर्चा होते ती शोरूमची किंमत, इंजिनाची ताकद आणि मासिक हप्ता यांचीच. वाहनाच्या कागदपत्रांत नोंदलेला एक आकडा मात्र दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे वाहनाचे ‘एकूण वजन’, म्हणजेच जीव्हीडब्ल्यू. परवाना, विम्याचा हप्ता, कर, दंड आणि प्रत्यक्ष मिळकत या सर्व गोष्टी त्या आकड्याशी बांधलेल्या असतात.

पिकअपची वाटचाल

भारतीय बाजारात पिकअपला स्वतंत्र ओळख मिळाली ती १९८८ मध्ये तत्कालीन टेल्कोने आणलेल्या ‘टाटामोबाइल २०६’पासून. पुढे ‘टाटा २०७’ आणि महिंद्रच्या बोलेरो पिकअपने ग्रामीण व निमशहरी भागात जम बसवला. २००५ मध्ये आलेल्या ‘टाटा एस’ने छोट्या मालवाहनांचा वेगळाच वर्ग निर्माण केला, तर २०११ मध्ये अशोक लेलँडची ‘दोस्त’ बाजारात आली. त्यानंतर कंपन्यांची स्पर्धा वहनक्षमतेवर केंद्रित झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटाने दोन टन क्षमतेची ‘योद्धा २.०’ सादर केली, तर २०२३ मध्ये महिंद्रने ‘बोलेरो मॅक्स’ मालिकेत त्याच क्षमतेची आवृत्ती आणली.

दुसरीकडे, दोन रांगांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली, हौशी वापराकडे झुकणारी पिकअपही आली. इसुझूची ‘व्ही-क्रॉस’ २०१६ मध्ये, तर टोयोटाची ‘हायलक्स’ २०२२ मध्ये भारतात दाखल झाली. दिसायला दोन्ही प्रकार पिकअपच. पण त्यांचा खर्च, नोंदणी आणि उपयोग यांत मोठे अंतर आहे. या लेखात भर आहे तो कामाच्या पिकअपवर. हौशी पिकअपचा विचार शेवटी केला आहे.

एकच आकडा, अनेक परिणाम

एकूण वजन म्हणजे रिकामे वाहन, त्यावर चढवलेला माल आणि आतील माणसे या सर्वांचे मिळून कायद्याने मान्य केलेले कमाल वजन. नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आरसीमध्ये, हे वजन आणि रिकाम्या वाहनाचे वजन अशा दोन्ही नोंदी असतात. या दोहोंतील फरक ही खरी वहनक्षमता होय.

उदाहरणादाखल, एका पिकअपचे एकूण वजन २,९९० किलो आणि रिकामे वजन १,६९० किलो आहे असे धरू. कागदोपत्री क्षमता १,३०० किलो होते. ५० किलोची एक याप्रमाणे कांद्याच्या २६ गोण्या मावतील, असा मालकाचा अंदाज असतो. परंतु हौद्याला जाळी, वरचा सांगाडा आणि जाड पत्रा बसवला आणि त्याचे वजन १५० किलो भरले, तर क्षमता १,१५० किलोंवर येते. चालक आणि सोबतचा एक माणूस यांचे मिळून १५० किलो वजा केले, की उरतात १,००० किलो. म्हणजे गोण्या २०. हप्त्याचा हिशेब २६ गोण्यांवर बसवलेला असेल, तर उरलेल्या सहा गोण्या प्रत्येक फेरीत कायदा मोडूनच न्याव्या लागतील. जादा भाराची सवय पुष्कळदा अशी खरेदीच्या दिवशीच लागते.

मोटार वाहन कायद्यात या आकड्याचे दोन उंबरठे महत्त्वाचे आहेत. कलम ६६ नुसार मालवाहनाला परवाना लागतो. मात्र एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नसेल, तर या अटीतून सूट आहे. दुसरा उंबरठा ७,५०० किलोंचा. या मर्यादेपर्यंतचे वाहन ‘हलके मोटार वाहन’ ठरते. अशा वर्गातील मालवाहन चालवण्यासाठी चालकाच्या साध्या लायसन्सवर वेगळी व्यावसायिक नोंद लागते की नाही, यावरून अपघातानंतर विमा कंपन्या आणि वाहनमालक यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशी नोंद आवश्यक नसल्याचा निर्णय दिला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच कायम केला. पिकअपधारकांसाठी हा मोठा दिलासा ठरला.

मागणी नोंदवताना

विक्रेत्याकडे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी मागणीपत्रावर पुढील तपशील लेखी असणे आवश्यक आहे : वाहनाचे पूर्ण नाव आणि आवृत्ती, एकूण वजन, हौद्याची लांबी, इंधन, रंग, उत्पादनाचा महिना व वर्ष, ताबा देण्याची अपेक्षित तारीख आणि मागणी रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट. एकाच नावाच्या पिकअपच्या पाच-सहा आवृत्त्या असतात. तोंडी ‘मोठा हौदा’ सांगितला आणि आली वेगळीच गाडी, असे होऊ नये यासाठी ही दक्षता.

किमतीसंबंधीची अटही वाचावी. मागणीपत्रावर बहुधा ‘ताबा देण्याच्या दिवशीची किंमत लागू’ असे छापलेले असते. म्हणजे प्रतीक्षेच्या काळात कंपनीने दर वाढवले, तर वाढ ग्राहकाच्या माथी येते. पुरवठ्याची हमी मोठ्या कंपन्यांनाही नेहमी देता येत नाही. हायलक्स जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, टोयोटाला तिची नोंदणी थांबवावी लागली होती आणि ती पुन्हा सुरू झाली २०२३ च्या आरंभी. हंगाम साधण्यासाठी गाडी घेणाऱ्याने म्हणूनच ताब्याची तारीख आणि पैसे परत मिळण्याची अट यांवर अडून राहावे.

‘ऑन रोड’ किमतीची फोड मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तीत शोरूमची किंमत, मोटार वाहन कर, नोंदणी शुल्क, विमा, फास्टॅग आणि जोडसाहित्य हे घटक स्वतंत्र दिसले पाहिजेत. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नाही. ‘हाताळणी खर्च’ अशा मोघम नावाखाली लावलेल्या रकमेचे स्पष्टीकरण मागावे. वाहनाची किंमत दहा लाख रुपयांहून अधिक असेल, तर विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो. ही रक्कम नंतर आयकराच्या हिशेबात वळती करून घेता येते.

करांत अलीकडे महत्त्वाचे बदल झाले. मालवाहनांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत आठ लाख रुपये धरली, तर करातील फरक ८० हजार रुपयांचा होतो. करपात्र मालाचा व्यापार करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला मालवाहनावर भरलेल्या कराचा परतावा हिशेबात घेता येतो. शेतकऱ्याला किंवा करमुक्त वाहतूक सेवा देणाऱ्या छोट्या गाडीमालकाला ही सवलत मिळत नाही, त्यामुळे कर हा त्याच्यासाठी किमतीचाच भाग ठरतो. राज्य पातळीवर, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ७,५०० किलोंपर्यंतच्या हलक्या मालवाहनांवर किमतीच्या सात टक्के एकरकमी कराचा प्रस्ताव मांडण्यात आला. फोड तपासताना कराचा आकडा परिवहन कार्यालयाकडून पडताळून घेणे इष्ट.

कर्ज : ‘फ्लॅट’ दराचा चकवा

वाहनकर्जात सर्वाधिक फसगत होते ती व्याजाच्या पद्धतीमुळे. आठ लाख रुपयांचे कर्ज पाच वर्षांसाठी दहा टक्के दराने, शिल्लक रकमेवरील व्याजाच्या पद्धतीने घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १७ हजार रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे दोन लाख २० हजार होते. तेच कर्ज ‘दहा टक्के फ्लॅट’ असे सांगून दिले, तर व्याज मूळ आठ लाखांवर पाचही वर्षे आकारले जाते. व्याज चार लाख, हप्ता २० हजार. शिल्लक रकमेच्या पद्धतीने पाहिले, तर हा दर प्रत्यक्षात १७ टक्क्यांच्या वर जातो. दोन्हींत आकडा दहाच ऐकू येतो आणि फरक मात्र पावणेदोन लाखांच्या पुढे असतो. म्हणून कर्ज देणाऱ्याला दर विचारण्याऐवजी ‘एकूण किती रुपये फेडावे लागतील’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड किती, हप्ता चुकल्यास आकार किती, हेही त्याच वेळी समजून घ्यावे.

कर्ज असेपर्यंत आरसीवर कर्जदात्याचा बोजा नोंदलेला असतो. शेवटचा हप्ता भरला म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. कर्जदात्याचे ना-हरकत पत्र आणि ‘नमुना ३५’ परिवहन कार्यालयात सादर करून तो उतरवून घ्यावा लागतो. अनेक मालकांच्या हे लक्षात येते ते गाडी विकायला काढल्यावरच.

हप्ता ठरवताना वर्षाचे बारा महिने समान धरू नयेत. द्राक्ष, कांदा, आंबा किंवा ऊस यांच्या हंगामात फेऱ्या मिळतात. भर पावसात गाडी दारात उभी राहण्याचे दिवसही येतात. शिवाय माल पोहोचवून परतताना भाडे मिळाले नाही, तर रिकाम्या फेरीचे डिझेल पदरचे जाते. मंद महिन्यातील एका बाजूच्या भाड्यातून हप्ता, इंधन आणि चालकाचा पगार निघतो का, ही खरी कसोटी होय.

ताबा घेताना

गाडी दिवसाउजेडी तपासावी. आरसीसाठी लागणाऱ्या ‘नमुना २१’ या विक्री प्रमाणपत्रावरील चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळवावेत. टायरच्या कडेवर चार अंकांत उत्पादनाचा आठवडा व वर्ष असते; ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरांवर, म्हणजे स्टेपनीवरही, हा आकडा पाहावा. मागील वर्षी तयार झालेली गाडी नव्या वर्षात घेतली, तर विकताना तिचे मोल कमी होते. त्यामुळे त्या बदल्यात सवलत मागणे रास्त आहे. हौद्याचे वेल्डिंग, मागच्या फळीचे कुलूप, पाटे, जॅक आणि हत्यारे यांचीही पाहणी करावी.

हौद्याच्या मूळ रचनेत बदल करायचा असेल, तर परिवहन कार्यालयाची मान्यता आवश्यक असते. परस्पर उंचावलेला हौदा किंवा वाढवलेले पाटे यांमुळे कायदेशीर क्षमता एक किलोनेही वाढत नाही. उलट अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यात अडचण उभी राहते.

नोंदणी आणि नियमित कागदपत्रे

व्यावसायिक पिकअपला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत क्रमांक मिळतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी कंपनीकडूनच येते. नव्या वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे फिटनेस, पहिली दोन वर्षे ग्राह्य असते. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. आठ वर्षांनंतर महाराष्ट्रात व्यावसायिक वाहनांना पर्यावरण करही लागू होतो. प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र नव्या वाहनाला एका वर्षानंतर घ्यावे लागते. टोलच्या बाबतीत, १५ ऑगस्ट २०२५ पासून तीन हजार रुपये शुल्काने सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास केवळ खासगी मोटार, जीप व व्हॅन यांच्यासाठी आहे. व्यावसायिक पिकअपला तो मिळत नाही.

जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये अशी तरतूद आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही मालकाकडून घेतला जातो. वरील उदाहरणातील सहा जादा गोण्यांचे भाडे किती आणि एकदा पकडले गेल्यास जाणारी रक्कम किती, ही तुलना प्रत्येक मालकाने स्वतः करून पाहावी.

विमा : हौद्यात माणसे बसली की

पिकअपच्या मालकाला कायमचे उद्ध्वस्त करू शकणारी बाब दंडाहून वेगळी आहे. लग्नाचे वऱ्हाड, शेतमजूर, देवदर्शनाला निघालेली मंडळी यांना हौद्यात बसवून नेण्याची पद्धत राज्यभर दिसते. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप उतारावरून दरीत कोसळली आणि अनेक महिलांना प्राण गमवावे लागले. हौद्याला आसन नसते, पट्टा नसतो, डोक्यावर छप्पर नसते. घाटात गाडी मागे सरकली किंवा कलंडली, तर आतील माणसांना धरायलाही काही नसते.

अशा वेळी भरपाई विमा कंपनी देईल, हा समज चुकीचा आहे. मालवाहनाच्या सक्तीच्या विम्यात चालक, तसेच मालासोबत असलेला मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांचा विचार केलेला असतो. मालवाहनातून नेल्या जाणाऱ्या इतर प्रवाशांच्या भरपाईचे दायित्व विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २००२ मध्येच स्पष्ट केले. काही प्रकरणांत न्यायालये विमा कंपनीला आधी रक्कम भरण्यास सांगतात. पण ती नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देतात. दोन-चार हजारांच्या भाड्यासाठी किंवा शेजाऱ्याच्या आग्रहाखातर केलेली एक फेरी अशा रीतीने घर आणि शेतीवर येऊ शकते. बळी गेलेल्या कुटुंबांच्या वाट्याला येते ती ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही अशा माणसाकडून वसुलीची वाट पाहणे.

विम्याचा खर्चही खरेदीपूर्वीच धरावा. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७,५०० किलोंपर्यंतच्या मालवाहनासाठी त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा वार्षिक मूळ हप्ता १६,०४९ रुपये ठेवण्यात आला. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा त्याहून वेगळा. नव्या खासगी मोटारीला त्रयस्थ पक्षाचा विमा तीन वर्षांसाठी एकदम घ्यावा लागतो. मालवाहनाचा विमा दरवर्षी भरायचा असतो आणि एक दिवसाचा खंडही महागात पडतो. वाहनचालक असलेल्या मालकासाठी १५ लाख रुपयांचे व्यक्तिगत अपघात संरक्षणही घेतलेले असावे.

वापर आणि देखभाल

१ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ मानके लागू झाली आणि डिझेल इंजिनांच्या देखभालीची रीत बदलली. धूर गाळणारी यंत्रणा असलेल्या गाडीत साचलेली काजळी जाळण्यासाठी अधूनमधून सलग, बऱ्यापैकी वेगाने चालवणे आवश्यक असते. केवळ गावातल्या गावात, थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत ही जाळी तुंबते. डॅशबोर्डवरील त्यासंबंधीचा दिवा लागल्यावर दुर्लक्ष करणे म्हणजे मोठ्या खर्चाला निमंत्रण. काही गाड्यांना युरियाचे द्रावणही भरावे लागते. ते नामांकित कंपनीचेच असावे. जुन्या पिकअपवर हात बसलेल्या गॅरेजवाल्याकडे या यंत्रणेसाठी लागणारे निदान उपकरण असेलच असे नाही, म्हणून कंपनीचे सेवा केंद्र गावापासून किती अंतरावर आहे हे मागणी नोंदवण्यापूर्वी पाहावे.

सततच्या जादा भाराने पाटे बसतात, मागील टायर झिजतात, क्लच लवकर जातो आणि घाटात ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवण्याची सवय याच कारणाने जीवघेणी ठरते. प्रत्येक फेरीचे किलोमीटर, डिझेल, टोल आणि भाडे यांची वहीत नोंद ठेवली, तर गाडी कमावते की केवळ फिरते, हे सहा महिन्यांत कळते.

हौशी पिकअप आणि विक्रीचा प्रसंग

कुटुंबासाठी आणि अधूनमधून शेतावर जाण्यासाठी दोन रांगांची पिकअप घेऊ इच्छिणाऱ्याने ती खासगी म्हणून नोंदवता येईल का, हे त्या विशिष्ट आवृत्तीबाबत परिवहन कार्यालयात आधीच विचारावे. खासगी नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि वारंवार फिटनेस घ्यावे लागत नाही. मात्र अशा गाडीतून भाड्याने माल नेणे कायद्यात बसत नाही. या गाड्यांची लांबी पाच मीटरच्या पुढे जाते, त्यामुळे वाड्यातील किंवा सोसायटीतील जागाही मोजून घ्यावी.

गाडी विकताना केवळ स्टॅम्पपेपरवर सही घेऊन चावी देऊ नये. ‘नमुना २९’ व ‘नमुना ३०’ सादर करून आरसीवरील नाव बदलले गेले, याची खात्री करावी. नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल आणि अपघाताच्या भरपाईसाठी तोच जबाबदार राहील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विकलेल्या गाडीच्या अपघाताची नोटीस वर्षभराने जुन्या मालकाच्या दारात येण्याचे कारण हेच.

पिकअप ही कष्टाळू माणसाला उभे करणारी गाडी आहे, यात शंका नाही. ती कर्जफेडीच्या पाच वर्षांत फळाला येते ती कागदावरील क्षमतेइतकाच माल वाहून, हौद्यात माणसे न बसवता आणि मंद महिन्यांचा हिशेब आधीच करून. म्हणून आगाऊ रकमेची पावती घेण्यापूर्वी एकूण वजन, रिकामे वजन आणि एकूण परतफेड हे तीन आकडे एका कागदावर लिहून घरातील सर्वांसमोर मांडावेत. त्यावर हिशेब बसला तरच पुढचे पाऊल टाकणे शहाणपणाचे.